मंदामावशी आणि पिवळ्या कॅप्सूल

डॉक्टरांनी विचारलं होतं, ‘मला माहीत नसलेलं आणखी काही घेताहेत का त्या? व्हिटॅमिन्स, जडीबुटी, भारतातून आलेलं काही?’ मी ‘नाही’ म्हणालो. मंदामावशी माझ्या शेजारच्याच खुर्चीत बसली होती आणि तिच्या स्वयंपाकघरात मी आणून दिलेली पिवळ्या कॅप्सूलची तिसरी बाटली अर्धी संपली होती. मी तेव्हा फार घाबरलेलो होतो हे खरं. पण घाबरलेला प्रत्येक माणूस खोटं बोलत नाही. मी बोललो. मावशीवर लिहायचं म्हटलं की याच्याआधी दुसरं काही माझ्याच्यानं लिहवत नाही, म्हणून हे पहिल्यांदा.

मंदामावशी ही माझ्या आईची धाकटी बहीण. अमरावतीला बी.एस्सी. झाली, लग्न झालं आणि काकांबरोबर अ‍ॅरिझोनात आली. चँडलरच्या एका चिप बनवणाऱ्या कारखान्यात तिनं तीस वर्षं तपासनीस म्हणून काम केलं. सूक्ष्मदर्शकाखाली सिलिकॉनच्या चकत्या पाहायच्या आणि कुठे धुळीचा कण, कुठे चरा दिसतोय ते सांगायचं. अंगावर डोक्यापासून पायापर्यंत पांढरा झगा, फक्त डोळे उघडे. तिथे पावडर चालायची नाही, तेल चालायचं नाही, कुंकूही नाही. मावशी शनिवार-रविवारी कुंकू लावायची आणि सोमवारी सकाळी कपाळ घासून कामावर जायची. ‘देवाला चालते,’ म्हणायची. ‘सुपरवायझरला चालत नाही.’

मी वीस वर्षांपूर्वी नोकरीच्या व्हिसावर आलो, तेव्हा फिनिक्सच्या विमानतळावर तीच न्यायला आली होती. जून महिना होता, म्हणजे तिथला ऐन रणरणता उन्हाळा. गाडीत बसल्या बसल्या तिनं पर्समधून ओव्हनमधली गरम भांडी काढायचे जाड हातमोजे काढले, दोन्ही हातांत चढवले आणि गाडी सुरू केली. मला हसू फुटलं. ती शांतपणे म्हणाली, ‘स्टिअरिंगला हात लावून पाहा बाबू, मग हस.’ मी लावला. पुढचे चार दिवस बोटं चुरचुरत होती.

तिचं सगळं असंच होतं. आधी पाहा. कुणी काही सांगितलं की तिचा ठरलेला प्रश्न, ‘दिसलं का वाटलं?’ काका म्हणायचे, आज फार ट्रॅफिक होता. ‘दिसला का वाटला?’ माझी मुलगी ईशा लहानपणी मैत्रिणीशी भांडून रडत यायची, “She hates me!” तिलाही मावशी मराठीतच विचारायची, ‘दिसलं का वाटलं?’ आणि ईशाला तेवढं मराठी पक्कं कळायचं. इंडियन दुकानात मावशी भिंग घेऊन जायची आणि डाळीच्या पाकिटामागचं सगळं वाचायची. मागे रांग लागायची, काका ओशाळून चटण्यांच्या मांडणीकडे सरकायचे. तूरडाळ तर ती घरी आल्यावर पुन्हा ताटात पसरून निवडायची. ‘अगं, इथली डाळ मशीनवर साफ केलेली असते,’ मी म्हणालो. ‘तीस वर्षांत एक खडा सापडला,’ ती म्हणाली. ‘सापडला नं?’

अशा बाईनं आयुष्यात एका गोष्टीत स्वतः न पाहता दुसऱ्याच्या शब्दावर विश्वास ठेवला. तो शब्द माझा होता.

मोठ्या आतड्याची तपासणी झाली तेव्हा ती एकाहत्तर वर्षांची होती. तिला मूलबाळ नाही. काकांना कॉम्प्युटर झेपत नाही. त्यामुळे हॉस्पिटलच्या पोर्टलवर, म्हणजे रिपोर्ट जिथे येतात त्या खात्यावर, तिच्या नावापुढे माझा ईमेल आणि माझा फोन होता. इकडे रिपोर्ट तयार झाला की तो डॉक्टरांचा फोन येण्याची वाट पाहत नाही, थेट खात्यावर येऊन पडतो. मी ऑफिसात मीटिंगमध्ये होतो. फोन थरथरला. मी उठून पार्किंगमध्ये गेलो, गाडीत बसलो आणि तो उघडला. दोन पानं होती. त्यातला एकच शब्द मला कळला. बाकीचे शब्द मी एकेक करून सर्चमध्ये टाकले.

त्या गाडीत मी तासभर बसलो असेन. एसी सुरू होता आणि मला घाम फुटला होता. प्रत्येक शब्दामागे दहा पानं होती आणि प्रत्येक पानावर कुणीतरी मेलेलं होतं. डॉक्टरांचा फोन संध्याकाळी आला. त्या म्हणाल्या, गाठ काढता येईल, नंतर केमो देऊ, उद्देश बरं करण्याचाच आहे. मला ते ऐकूच आलं नाही. त्यांच्या आधी मी त्या आजाराचा शेवटपर्यंतचा प्रवास वाचून आलो होतो.

ऑपरेशन नीट झालं. पण तोवर माझी सवय पक्की झाली होती. मी कामानं डेटा तपासणारा माणूस. मी एक एक्सेल शीट उघडली आणि त्यात मिळेल ते भरत गेलो. रुग्णांच्या नातेवाइकांच्या तीन ऑनलाइन ग्रुपांत शिरलो. सकाळी दात घासताना वाचायचो, सिग्नलला वाचायचो. वाचत असेपर्यंत आपण तिच्यासाठी काहीतरी करतोय असं वाटायचं. फोन खाली ठेवला की लगेच पुन्हा उचलायचो.

अमरावतीहून आई व्हिडिओ कॉल करायची. ‘अरे, मंदीला पपईच्या पानाचा रस दे. व्हॉट्सॅपवर एका बाईचं आलंय, पूर्ण बरी झाली.’

‘आई, कुठलंही फॉरवर्ड खरं मानत जाऊ नकोस गं,’ मी म्हणायचो. माझ्या आवाजात किती समजूतदारपणा असायचा! माझ्या माहितीला इंग्रजीत तळटिपा होत्या, तक्ते होते. आईच्या फॉरवर्डला हात जोडलेल्या दोन इमोजी होत्या. फरक तेवढाच होता, हे मला फार उशिरा कळलं.

सगळ्यात आधी मी तिच्या चहातली साखर काढली. साखरेवर गाठ पोसली जाते असं मी वाचलं होतं. दोन चमचे साखरेचा चहा हा मावशीचा एकमेव शौक. तिनं पहिला घोट घेतला आणि कप खाली ठेवला. ‘हे काय दिलं? भांडी धुतलेलं पाणी?’

‘मावशी, थोडे महिने फक्त.’

‘बरं,’ ती म्हणाली आणि ते पाणी प्यायली. महिन्याभरात तिचं वजन इतकं उतरलं की केमोच्या वॉर्डातली आहारतज्ज्ञ मुलगी माझ्याकडे रोखून पाहत म्हणाली, ‘त्यांना जे आवडेल ते खाऊ द्या. सगळं.’ मावशीनं गाडीत बसल्यावर बेल्ट लावला आणि समोर पाहत म्हणाली, ‘माझा चहा परत दे.’ मग काकांकडे वळली. ‘अहो, याला अटक करायला पाहिजे. सिनिअर सिटिझनची साखर चोरली.’ ती हसत होती. मीही हसलो. तिथेच मी थांबायला हवं होतं.

मी थांबलो नाही, मी कॅप्सूल मागवल्या. हळदीचं काढलेलं तीव्र सत्त्व, आणि ते अंगी लागावं म्हणून त्यात मिऱ्याचा अर्क. ग्रुपमधल्या एका माणसानं लिहिलं होतं की त्याच्या आईच्या गाठी यानं विरघळल्या. मला वाटलं, यात भीती कसली? हळद. आपल्या घरातली, कापलं की लावायची, दुधातून द्यायची. इथले लोक आता दुधाच्या कॉफीत घालून पितात, आपण तर पिढ्यान्‌पिढ्या खातोय. मला त्यात थोडा अभिमानसुद्धा वाटला, हे कबूल करतो.

मावशीनं बाटली उजेडात धरली आणि भिंग लावून लेबल वाचलं. सगळं, चारी बाजूंनी.

‘हळदच आहे नं? ती तर मी भाजीत घालते.’

‘भाजीतल्यानं काय होणार? हे त्याचं सत्त्व आहे.’

‘डॉक्टरीणबाईला विचारलं?’

मी पोर्टलवर तसा प्रश्न लिहिला होता. पाठवला मात्र नव्हता. ग्रुपमधले सगळे म्हणत होते, डॉक्टर नाहीच म्हणतात, त्यांना विचारूच नका. आणि त्यांनी नाही म्हटलं असतं तर माझ्या हातात काय उरलं असतं?

‘हो,’ मी म्हणालो. ‘चालेल म्हणाल्या.’

तिनं भिंग केसमध्ये ठेवलं. ‘मग ठीक.’

प्रत्येक केमोच्या आधी पोर्टलवर एक फॉर्म भरावा लागतो. इतर औषधं, पूरक गोळ्या, वनस्पतीजन्य काही. तिच्या वतीनं तो मी भरायचो. त्या रकान्यात मी दर वेळी ‘काही नाही’ लिहिलं.

तिसऱ्या महिन्यात रक्ताच्या रिपोर्टवर यकृताच्या आकड्यांपुढे लाल खुणा आल्या. पुढच्या वेळी ते आकडे आणखी वाढले. केमो थांबली. डॉक्टरांनी आम्हाला बोलावलं. त्या म्हणाल्या, हे केमोमुळे असू शकतं, पित्ताशयामुळे असू शकतं, आणि हा आजार पसरतो तेव्हा आधी यकृतात जातो, त्यामुळे तेही पाहावं लागेल. मग त्यांनी तो प्रश्न विचारला, जो मी वर लिहिलाय. मावशी गप्प बसली, कारण तिच्या समजुतीनं डॉक्टरांना कॅप्सूलचं माहीत होतं. मी त्यांना विचारलं होतं ना! आणि मी ‘नाही’ म्हणालो, कारण एव्हाना ‘हो’ म्हणणं म्हणजे सगळं सांगणं होतं.

त्या पंधरवड्याची भीती मला अजून आठवते. सीटी स्कॅनमध्ये काहीतरी अस्पष्ट दिसलं, खात्री नाही म्हणाले. यकृतात सुई घालून तुकडा काढायचं ठरलं. काका दर तासाला त्यांच्या वहीत एकेक काम लिहून खोडायचे. दूध, पोस्ट, नळ. मावशी एकदाच बोलली. दुपारी मी तिच्याकडे गेलो होतो, ती पंख्याखाली आडवी होती. ‘पसरलं असेल तर सांगतील,’ ती म्हणाली. ‘तू एवढा पांढरा कायले पडला?’ आणि माझ्याकडे पाणी मागून माझ्यासमोरच तिनं दुपारची पिवळी कॅप्सूल घेतली.

मी पाहत राहिलो. घेऊ नकोस म्हणालो नाही.

त्याच संध्याकाळी मी मुलीच्या पोहण्याच्या क्लासबाहेर बाकावर बसून पहिल्यांदा वेगळा प्रश्न टाकला. आजवर मी ‘हळद आणि कॅन्सर’ असं शोधत आलो होतो. त्या दिवशी ‘हळद आणि यकृत’ शोधलं. त्याच यंत्रानं, तितक्याच चटकन, मला दुसरी पानं दाखवली. अशाच कॅप्सूल, असाच मिऱ्याचा अर्क, यकृताला सूज, थांबवल्यावर उतार. ही पानं आधीही तिथेच होती. मी विचारलं नव्हतं म्हणून ती मला दिसली नव्हती. ईशा ओले केस पुसत आली. “Baba, are you sick?” मी नकारार्थी मान हलवली. पुढचे दोन दिवस तरीही मी गप्प राहिलो.

सुई घालायच्या दिवशी सकाळी मी त्यांना न्यायला गेलो. मावशी उपाशीपोटी पुढच्या सीटवर, काका मागे फाइल मांडीवर घेऊन. हॉस्पिटल दिसायला लागलं आणि माझ्या तोंडून बाहेर पडलं, ‘मावशी, त्या कॅप्सूलनंही होऊ शकतं हे. यकृताचं.’

ती म्हणाली, ‘गाडी लाव.’

मी पार्किंगमध्ये गाडी लावली.

‘बाटली दिली तेव्हा मी तुला काय विचारलं होतं?’

‘डॉक्टरांना विचारलं का.’

‘तू काय म्हणाला?’

‘विचारलं म्हणालो.’

‘विचारलं होतं?’

‘नाही.’

‘त्या दिवशी डॉक्टरीणबाईनं तुला विचारलं, तेव्हा?’

‘तेव्हाही नाही सांगितलं.’

मागच्या सीटवरून काका म्हणाले, ‘मिलिंद?’ एवढंच. त्यांच्या आवाजात राग नव्हता. आपण काहीतरी चुकीचं ऐकलं असावं अशी आशा होती.

मावशीनं बेल्ट काढला. ‘चल आत. तू सांगशील. मी नाही सांगणार.’

मी सांगितलं. पण कसं सांगितलं! फोन पुढे करून, एकेक पान दाखवत, ग्रुपमध्ये कोण काय म्हणालं, कुठल्या लेखात काय होतं, माझी शीट. डॉक्टर शेवटपर्यंत ऐकत राहिल्या. मग त्यांनी सुईचं रद्द केलं, कॅप्सूल त्याच दिवसापासून बंद करायला सांगितल्या आणि बाटली आणायला सांगितली. मला म्हणाल्या, ‘तुमच्यासारखे बरेच जण येतात. प्रेमापोटीच करतात. पुढच्या वेळी फक्त मला सांगा.’ त्या रागावल्या असत्या तर बरं झालं असतं.

परतताना मावशीनं खिडकीची काच थोडी खाली केली. ‘आमच्या कारखान्यात लाइन थांबवायचं लाल बटण होतं,’ ती म्हणाली. ‘चूक दिसली की कुणीही दाबायचं. दाबलं म्हणून कुणाला काढलं नाही. माहीत असून नाही दाबलं म्हणून दोघांना काढलं.’ थोड्या वेळानं पुन्हा म्हणाली, ‘आत तू अर्धा तास बोलला बाबू. ती सगळी कारणंच होती.’

मला तेव्हा ते कळलं नाही. मला वाटलं, सांगितलं ना मी. कबूल केलं ना.

आकडे हळूहळू उतरले. काही आठवडे गेले, मग केमो पुन्हा सुरू झाली, कमी डोसनं. मावशीनं पोर्टलचा पासवर्ड बदलला. खात्यावर स्वतःचा नंबर टाकला आणि भिंग लावून रिपोर्ट स्वतः वाचू लागली. न कळलेला शब्द कागदावर लिहून ठेवायची आणि तो कागद डॉक्टरांसमोर धरायची. सर्च करायची नाही. मी एकदा म्हणालो, ‘मी वाचून सांगू का?’ तर म्हणाली, ‘रोग मला झाला, भीती तुला. दोन्हीचं औषध एका बाटलीत कुठून मिळेल? तुझं तू बघ.’ आणि चहात तिसरा चमचा साखर घातली, माझ्याकडे बघत.

तिनं मला तोडलं नाही. रविवारी जेवायला बोलवायची. ईशाला भरतकाम शिकवलं. लोकांसमोर माझ्याबद्दल एक शब्द वाकडा काढला नाही. पण ती मला कुठलीही गोष्ट दोनदा विचारायची. ‘गॅस बंद केला? पाहिला?’ पूर्वी असं सगळ्यांनाच विचारायची, मला सोडून.

दीड वर्षानं आजार परत आला, या वेळी खरंच यकृतात. मी डॉक्टरांना एकट्यानं गाठलं आणि विचारलं, मधले ते आठवडे केमो चुकली नसती, डोस कमी करावा लागला नसता, तर? त्या म्हणाल्या, ‘हे तुम्हाला कुणीच सांगू शकणार नाही. मी नाही, आणि तुम्ही जे वाचाल तेही नाही.’ मी तरी घरी येऊन वाचलं. त्या प्रश्नाला खरंच कुठे उत्तर नव्हतं. ती भीती अजून माझ्याजवळ आहे, आणि ती जाणार नाही असं मी आता धरून चाललोय.

मंदामावशी फेब्रुवारीत गेली, घरीच. आता चँडलरमधली कुणी मराठी माणसं घरात आजार निघाला की मला फोन करतात. ‘तुम्ही खूप वाचलंय ना यावर?’ मी त्यांना विचारतो, डॉक्टरांना काय काय सांगायचं राहिलंय? बहुतेक वेळा काहीतरी राहिलेलं असतं.

ती जाण्यापूर्वी अकरा दिवस, भर दुपारी मी तिच्याजवळ बसलो होतो. काका औषधं आणायला गेले होते. नर्स येऊन गेली होती. मावशी जागी होती, डोळे स्वच्छ होते. मी खुर्ची पुढे ओढली आणि म्हणालो, ‘मावशी, तेव्हा ना, त्या ग्रुपमध्ये एका माणसानं लिहिलं होतं की...’

तिनं डोळे मिटून घेतले. कंटाळलेल्या माणसासारखे. मी वाक्य अर्धवट सोडलं. दोन वर्षांत मी तिला काय वाचलं ते सांगितलं होतं, का केलं ते सांगितलं होतं, किती घाबरलो होतो ते सांगितलं होतं. एक गोष्ट सांगितली नव्हती. मी फोन खिशातून काढून बाहेरच्या खोलीत ठेवून आलो आणि पुन्हा बसलो. तिनं डोळे उघडले होते.

‘मावशी,’ मी म्हणालो, ‘तू मला विचारलंस आणि मी तुझ्याशी खोटं बोललो. डॉक्टरांशीही बोललो. कळल्यावरही गप्प बसलो, आणि तुला माझ्यासमोर ती गोळी घेऊ दिली. तू माझ्यावर विश्वास ठेवला होतास. माझं चुकलं. मला माफ कर.’